फारकतीच्या बाँडवर सही करू नका

परभणी जिल्ह्यातील एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा: पोळ्यानंतर त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला व त्या वाचल्या. सासरच्यांनी त्यांना दवाखान्यातून थेट माहेरी आणून सोडले आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. गावात हळदी-कुंकवाचे बोलावणेही बंद झाले. आता बैठक बसवून ‘ही वेडी आहे, हिच्यावर पोलीस केस आहे’ असे सांगत पाचशेच्या बाँडवर फारकत मागितली जाते. सही न केल्यास अटक होईल का?

अटक होणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते व तिच्यावर खटला चालवता येत नाही. शिवाय आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे जुने कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. दवाखान्यातली ‘पोलीस केस’ म्हणजे डॉक्टरांनी चौकीला कळवले आणि जमादाराने जबाब घेतला, एवढेच. त्या जबाबाची नक्कल मात्र अवश्य मिळवा, कारण सासरची माणसे खाटेशी उभी असताना ‘पोटदुखीला कंटाळून’ असे लिहिले गेलेले मी अनेकदा वाचले आहे. तसे असल्यास खरी हकीकत लेखी अर्जाने ठाण्यात द्या.

केवळ उपचार घेतले म्हणून कोणी वेडे ठरत नाही. ते ठरवणे न्यायालयाचे काम आहे, बैठकीचे नव्हे. समाजातील फारकतीची रूढी न्यायालयात सिद्ध झाल्याखेरीज बाँडने हिंदू विवाह मोडत नाही, पण तुमची सही पुढे संमती म्हणून दाखवली जाईल.

खरी घाई मुलीची आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे कायदा म्हणतो, तेव्हा तिचा पाचवा वाढदिवस उलटू देऊ नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खालील अर्जात तात्पुरता ताबा व सासरच्या घरातील निवास, दोन्ही मागता येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.

एक अडचण लपवत नाही. आत्महत्येच्या वारंवार धमक्या ही क्रूरता ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटले आहे आणि पतीचे वकील तेच वाचून दाखवतील. मात्र स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील असे वर्तन हीही न्याय संहितेच्या कलम 86 प्रमाणे क्रूरताच आहे. छळ झाला असेल तर तारीखवार लिहा, झाला नसेल तर लिहू नका.

कागद विरुद्ध जातील या भीतीने गोळ्या बंद करू नका. मन पुन्हा खचले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.