क्विल्ट घ्यायच्या आधी मॅट बघा

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. आत्ताची स्लीपिंग बॅग 1.2 किलोची आहे, तुम्ही कुशीवर झोपता आणि रात्रभर कूस बदलत असता, आणि शून्य अंशाच्या आसपास 600 ग्रॅमचा डाऊन क्विल्ट, म्हणजे मऊ पिसं भरलेलं, खालची बाजू नसलेलं तंबूतलं पांघरूण, पुरेल का, हे तुम्हाला हवंय. चांगला असेल तर पुरतो. मी बरीच वर्षं क्विल्टच वापरतेय. पण तुम्ही अंगाखाली अंथरायच्या मॅटबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि सगळं अडतं ते तिथेच.

डाऊनची ऊब पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. बॅगेत झोपलं की अंगाखालची पिसं आपल्याच वजनाने चेपून सपाट होतात, त्यांच्यात हवा उरत नाही. म्हणजे बॅगेतसुद्धा जमिनीचा गारठा अडवते ती मुख्यतः मॅटच. क्विल्टमध्ये हा खालचा भाग ठेवलेलाच नसतो. चेन नाही, टोपी नाही. वजन वाचतं ते यामुळे. रे जार्डिन या अमेरिकी गिर्यारोहकाने आणि त्यांच्या पत्नीने अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटा घरी शिवलेल्या क्विल्टवर चालून काढल्या आणि 1990च्या दशकात ही कल्पना पुष्कळांपर्यंत पोचवली. त्यांच्या क्विल्टमध्ये पिसांऐवजी कृत्रिम भरण असायचं, पण विचार हाच होता.

तेव्हा मॅटची आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे ती गारठा किती अडवते त्याचा आकडा; जितका मोठा तितकी मॅट उबदार. घडीच्या फोम मॅटची साधारण 2 असते. शून्याच्या आसपास मी 4च्या खाली जात नाही. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे हवेच्या मॅटखाली पातळ फोम टाकला तरी चालतं. तुमची मॅट 2चीच असेल तर पैसे आधी तिच्यावर घाला. पाठ गार पडत असताना वरून कितीही जाड पांघरलं तरी झोप लागत नाही.

आता कूस बदलण्याचं. माझा पहिला क्विल्ट 50 इंच रुंद होता. उताणी पडून बघितलं तेव्हा पुरेसा वाटला. रात्री कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, तशी पुढची कड गुडघ्यांनी ओढली गेली आणि पाठीमागची उचलली गेली. कमरेपासून मानेपर्यंत गार हवेची एक पट्टी फिरत होती. हाताने कड चाचपून आत खोचायची, डोळा लागेपर्यंत ती पुन्हा सुटलेली. पहाटेपर्यंत हेच चाललं. पुढचा क्विल्ट मी 58 इंची घेतला. वजन पन्नासेक ग्रॅमने वाढलं, पण कड खोचायला उठणं बंद झालं. कुशीवर झोपणाऱ्याने या पन्नास ग्रॅमचा मोह धरू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

दुसरी सवय अंगाची आहे. बॅगेत आपण वळलो की बॅगही वळते. क्विल्टचे पट्टे मॅटभोवती बांधायचे, कडा अंगाखाली सरकवायच्या आणि मग त्याच्या *आत* वळायचं, क्विल्ट जागेवर राहू द्यायचा. पट्टे फार आवळू नका, नाहीतर गुडघे घ्यायला जागा राहत नाही आणि ताणामुळे वरची पिसंही चेपतात. मानेशी बटण लावून दोरी ओढायची ती कड गळपट्टीच्या हाडावर टेकेपर्यंत. डोक्याला कान झाकणारी जाड कानटोपी हवीच. ती आपल्याबरोबर वळते, त्यामुळे बॅगेच्या टोपीसारखं तोंड कापडात जात नाही. नाक आत घालून मात्र झोपू नका. श्वासाची वाफ पिसांत जाते आणि दमट पिसं फुगत नाहीत.

पायाकडचा भाग शिवून बंद केलेला घ्या. दोरीने आवळायचा प्रकार उन्हाळ्यात पसरून पांघरायला छान असतो, पण थंडीत तळाशी भोक राहतं आणि त्यात जॅकेट कोंबावं लागतं.

आकड्यांबद्दल थोडं. 850 फिल पॉवर म्हणजे एक औंस, सुमारे 28 ग्रॅम, पिसं फुगून 850 घन इंच जागा घेतात. हा पिसांचा दर्जा झाला. ऊब किती ते आत किती ग्रॅम भरलंय त्यावरही ठरतं, म्हणून दोन्ही आकडे बघा. तापमानाचा आकडा जपून वाचा. बॅगांसाठी आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी आहे आणि तिच्यात आरामाचा आकडा वेगळा, शेवटच्या मर्यादेचा वेगळा असतो. क्विल्टवर बहुतेकदा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज छापलेला असतो. मी त्यात 5 अंश सोडूनच धरते. तुम्हाला शून्याला झोपायचंय, तर उणे 6-7 लिहिलेला बघा. 600 ग्रॅममध्ये तो मिळू शकतो.

उणे 10च्या खाली मी स्वतः बॅगच नेते. तिथे एक फट राहिली तरी रात्र वाया जाते.

दमटपणाला जपा. सकाळी तंबूच्या आतल्या दवाला पायाकडचा भाग लागतो, त्यावर रेनकोट टाकून झोपते मी. दुपारी थांबलो की क्विल्ट अर्धा तास उन्हात पसरायचा. घरी आल्यावर तो सैल मोठ्या पिशवीत ठेवा, दाबून नको.

बॅग विकायची घाई करू नका. तिची चेन पायापर्यंत उघडा, फक्त पावलं आत ठेवा, बाकीची पालथी करून पांघरा आणि एका थंड रात्री बाहेर तुमच्याच मॅटवर झोपून बघा. गार कुठून लागलं, पाठीखालून, कडेने की मानेशी, ते मॅटच्या आर-व्हॅल्यूसकट इथे लिहा. रुंदी त्यावरून ठरवू.