आरशात स्वतःचे डोळे हलताना का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय की आरशात उजव्या डोळ्याकडून डाव्या डोळ्याकडे नजर नेली तर डोळे हललेले दिसतच नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या बायकोला मात्र ते दिसतात आणि मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात तुम्हालाही दिसतात. मग डोळ्यांत काही दोष आहे का?

नाही हो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी आरशासमोरचा हाच अनुभव १९०० साली लिहून ठेवलाय.

एमएनंतर दोन वर्षं मी एका प्रयोगशाळेत लोकांना आय-ट्रॅकरसमोर, म्हणजे नजर कुठं जाते ते टिपणाऱ्या यंत्रासमोर, बसवायचं काम केलं. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांकडे एकेक करून बघा. मुली मस्कारा लावून आल्या की माझी पंचाईत, कारण यंत्र बाहुलीचा काळा ठिपका शोधत असतं आणि दाट काळ्या पापण्यांनाच बाहुली समजून बसतं. तिथं स्वतःच्या नजरेचा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा चकितच झाले. मला वाटायचं, नजर संथपणे सरकत जाते. आलेख निघाला जिन्याच्या पायऱ्यांसारखा: थांबा, उडी, थांबा, उडी. या उडीला सॅकेड म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, लगामाला दिलेला हिसका.

उड्या माराव्या लागतात, कारण लख्ख दिसणारा भाग फार छोटा आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो. मोठ्या उडीत त्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या पुढे जातो. आरशातली तुमची उडी जेमतेम ३-४ अंशांची, ती तीसेक मिलिसेकंदांत संपते. हिशोब केला तर सोळा तासांच्या जागेपणात असा दीडेक तास आपण उड्यांमध्येच घालवतो आणि त्याची दाद ना फिर्याद!

इंटरनेटवर याचं एक सोपं उत्तर सापडतं: उडीच्या वेळी मेंदू दृष्टी बंद करतो. हे मला अर्धवट वाटतं. पुढच्या वेळी लोकलच्या खिडकीतून शेजारच्या रुळांचे स्लीपर बघा. नजर स्थिर धरली तर नुसता करडा पट्टा दिसतो. आता गाडी जातेय त्याच्या उलट दिशेला नजर झटकन फेका. एक-दोन स्लीपर क्षणभर थिजल्यासारखे दिसतात, कधी त्यांच्यामधली खडीसुद्धा. डोळ्याचा वेग आणि स्लीपर मागं पळण्याचा वेग तेवढ्यापुरता जुळतो. हे दिसलं ते उडी चालू असतानाच. दृष्टी बंद असती तर दिसलं असतं का?

मग आरशात काय होतं? एक तर उडीच्या वेळी ठोकळ आकारांची आणि हालचालीची जाणीव खरोखर मंदावते. १९९४ साली डेव्हिड बर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही मंदी सरसकट नसते, रंगांच्या नक्षीला ती जवळपास लागत नाही. दुसरं कारण मला जास्त आवडतं. १९७८ साली फर्गस कॅम्बेल आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी अंधाऱ्या खोलीत दिवा फक्त उडीपुरताच लावला, तेव्हा फराटा दिसला. डोळा टेकल्यावरही दिवा थोडा वेळ चालू ठेवला, की फराटा गायब! म्हणजे उडीआधीचं आणि नंतरचं स्पष्ट चित्र मधल्या पुसट चित्राला गिळून टाकतं. आरशासमोर उजेड सतत असतो, त्यामुळे तुमच्या वाट्याला दोन्ही टोकांची चित्रं तेवढी येतात.

भिंतीवरच्या घड्याळाकडे अचानक पाहिलं की सेकंदकाटा पहिल्यांदा जरा जास्तच वेळ थबकल्यासारखा वाटतो, त्याचाही संबंध याच्याशीच आहे. उडीत गेलेला वेळ मेंदू पुढच्या चित्राच्या खात्यावर मांडतो.

बायकोला दिसतं, कारण तुमचा डोळा उडतो तेव्हा तिचा स्थिर असतो. सेल्फी कॅमेऱ्याचं तसंच. चित्र पडद्यावर यायला थोडा उशीर होतो. तुमचा डोळा टेकून मोकळा होतो आणि मग पडद्यावरचा डोळा हलतो. त्याच्याकडे तुम्ही स्थिर नजरेनं बघत असता, बायकोसारखेच.

दोषाचं म्हणाल, तर तो वेगळ्या रीतीनं कळतो. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याची पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी बोटानं अगदी हलकेच दाबा (लेन्स असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर नको). समोरची भिंत हलेल, कारण डोळा ढकलला गेला पण मेंदूनं तसा हुकूम सोडलेला नव्हता. एरवी हुकमाची प्रत मेंदूकडे असते म्हणून भिंत जागेवर राहते. बोट न लावता, स्वस्थ बसलेलं असतानाही भिंत अशी हलायला लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.