मान डोलली म्हणजे होकार आला का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझी टीम तोक्यो, बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्कोत विभागलेली आहे. मीटिंगमध्ये तारीख ठरते, तोक्योचे सहकारी ‘हाइ, हाइ’ म्हणतात आणि आठवड्याने कळतं की काम सुरूच झालेलं नाही. काय करावं?

उत्तर : जपानी संभाषणातलं ‘हाइ’ बऱ्याचदा ‘पटलं’ या अर्थाचं नसतं. ‘ऐकतोय, बोला’ एवढंच ते सांगतं, आपल्या ‘हं’सारखं. समोरचा बोलत असताना असे हुंकार देत राहणं तिथे सभ्यपणाचं मानतात. त्याला ‘आयझुची’ म्हणतात. नकारही आडून येतो. ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, असं कानावर आलं तर तो बहुधा नकारच समजा आणि अडचण काय ते नंतर एकट्याला विचारा.

मुळात तारीख मीटिंगमध्ये मागूच नका. परक्या भाषेत, वरिष्ठांच्या देखत, विचार करायला वेळ न देता विचारलं तर कुठलाही माणूस मान डोलावून मोकळा होतो. दोन दिवस आधी एका पानाचा मसुदा पाठवा : काय हवंय, कधीपर्यंत, कुठे अडू शकतं. मग एकेकाशी १५ मिनिटं बोला. याला जपानीत ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे हलवण्याआधी मुळांभोवती खणून ते तयार करतात, त्यावरून हा शब्द आला. आक्षेप या बोलण्यातच निघतात, मीटिंगमध्ये उरतं ते शिक्कामोर्तब.

प्रश्नही बदला. ‘शुक्रवारपर्यंत जमेल ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी ‘शुक्रवारी नेमकं काय हाती येईल आणि त्यासाठी कोणाकडून काय लागेल?’ असं विचारा. उत्तर त्याच दिवशी टिकेटमध्ये, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत, लिहायचं, तेही काम करणाऱ्याने स्वतः. मॅनेजरने लिहून टाकलं की पुन्हा नुसती मान डोलते.

मात्र ‘जपानी माणूस असाच’ असा शिक्का कोणावर मारू नका. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे, डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांचे गाजलेले निर्देशांक १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. ते देशांची सरासरी सांगतात. तुमच्यासमोर बसलेली व्यक्ती त्यातून कळत नाही.

प्रश्न : कोड रिव्ह्यूतल्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना लिहिलेल्या, थेट शेऱ्यांमुळे टीममधले काहीजण दुखावतात. शेरे देणारा म्हणतो, ‘मी फक्त कोडबद्दल बोललो.’

उत्तर : दोघंही खरं बोलताहेत. म्हणून ‘जरा मवाळ लिही’ असं सांगून भागत नाही. मवाळ शेऱ्यातली गंभीर चूक नजरेतून निसटते. प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला त्याचं वजन लिहायचा नियम करा : ‘अडथळा’, ‘सूचना’, ‘प्रश्न’. ‘हे चुकीचं आहे’ याच्या जागी असं येईल : ‘अडथळा : यादी रिकामी आली तर ४२व्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. आधी लांबी तपासा.’ हा नियम बिघडतो तो सगळेच शेरे ‘अडथळा’ होऊ लागल्यावर. म्हणून काय केल्यावर काय बिघडतं हे न लिहिलेला अडथळा धरायचा नाही. एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा उत्तर-प्रत्युत्तर होतंय असं दिसलं की लिहिणं थांबवून फोन करा.

प्रश्न : तिन्ही शहरांना सोयीची मीटिंगची वेळ कोणती?

उत्तर : अशी वेळ नाही. उन्हाळ्यात बर्लिनला संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ८ असतात आणि तोक्योत मध्यरात्र. नेहमीचं काम दोन-दोन शहरांच्या मीटिंगांत वाटा : बर्लिनला सकाळी ९ तेव्हा तोक्योत दुपारी ४; सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी ५ तेव्हा तोक्योत दुसऱ्या दिवशी सकाळी ९. तिघांची एकत्र मीटिंग महिन्यातून एकदाच घ्या आणि रात्रीची पाळी फिरती ठेवा. ती कायम एकाच शहराच्या वाट्याला आली, तर तिथली माणसं हळूहळू बोलायची बंद होतात.

मार्चमध्ये विशेष जपा. अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, जपानमध्ये कधीच नाही. मधल्या दोन-तीन आठवड्यांत बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं अंतर ९ ऐवजी ८ तासांचं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून आठवडाभर पुन्हा तेच होतं. त्या काळातली प्रत्येक वेळ यूटीसीतही (जागतिक प्रमाणवेळेतही) लिहा आणि महिना अक्षरात, कारण ०३/०४ हे कोणी ३ एप्रिल वाचतं, कोणी ४ मार्च.