वाचकांचे प्रश्न : राजकीय चर्चेतील ज्यूद्वेष कसा ओळखावा?

प्रश्न : आमच्या परिचितांमध्ये राजकारणावर नियमित चर्चा होते. बँका बुडाल्याची बातमी असो वा एखादे युद्ध, एक गृहस्थ दर वेळी 'यामागे रॉथ्सचाइल्ड आहेत' किंवा 'माध्यमे कोणाच्या ताब्यात आहेत हे सर्वांना ठाऊक आहे' असे म्हणून विषय संपवतात. ते सज्जन आहेत. कोणाचा द्वेष करताना मी त्यांना पाहिलेले नाही. तरीही हे बोलणे ज्यूद्वेषाचे मानावे का? मानावे, तर त्यांना कसे सांगावे? आणि इस्रायलवर टीका केली तरी हाच शिक्का बसतो, त्याचे काय?

उत्तर : होय, ही दोन्ही वाक्ये ज्यूद्वेषाच्या जुन्या साच्यातली आहेत. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही. परंतु साचा त्याने घडवलेला नसतो, तो त्याच्यापर्यंत चालत आलेला असतो, म्हणून माणसाचा स्वभाव तपासण्यापेक्षा वाक्य तपासावे.

रॉथ्सचाइल्ड हे घराणे खरे आहे. फ्रँकफुर्टच्या ज्यू वस्तीतील मायर आम्शेल रॉथ्सचाइल्ड यांच्या पाच मुलांनी युरोपातील पाच शहरांत पेढ्या चालवल्या आणि एकोणिसाव्या शतकात त्या अतिशय प्रबळ होत्या. दंतकथा त्यानंतरची आहे. १८४६ मध्ये पॅरिसमध्ये 'सैतान' या टोपणनावाने निघालेल्या एका पुस्तिकेने सांगितले की, त्यांपैकी नेथन रॉथ्सचाइल्ड यांनी नेपोलियनच्या पराभवाची वॉटर्लूची लढाई स्वतः पाहिली आणि सर्वांच्या आधी लंडन गाठून शेअर बाजारात अमाप पैसा केला. वास्तविक नेथन त्या रणांगणावर नव्हतेच. तरीही ही कथा पुढे नाझी राजवटीने १९४० मध्ये चित्रपटातून वापरली. आज ते आडनाव एका बँकेचे न राहता 'पडद्यामागचे ज्यू' या अर्थाचा संकेत बनले आहे. आपले परिचित बँकेच्या कोणत्याही विशिष्ट व्यवहाराबद्दल बोलत नसतील, तर ते हा संकेतच वापरत आहेत.

या साच्याचे मुख्य लक्षण असे की, पुराव्याने तो मोडत नाही. १३४८ मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली. ज्यूही त्याच रोगाने मरत आहेत आणि ज्यू राहत नाहीत अशा प्रदेशांतही साथ आहे, हे खुद्द पोप सहावे क्लेमंट यांनी लेखी सांगितले. तरीही फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, तेही साथ त्या शहरात पोहोचण्यापूर्वी. जगावर ताबा मिळवण्याची ज्यूंची गुप्त योजना म्हणून १९०३ मध्ये रशियात छापलेल्या बनावट 'प्रोटोकॉल्स'चेही तसेच झाले. त्यातील मोठा भाग १८६४ च्या, नेपोलियन तिसरा याच्यावर टीका करणाऱ्या एका फ्रेंच उपरोधिक पुस्तकातून उचललेला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्ये दोन्ही मजकूर शेजारी छापून दाखवले. आजही तो मजकूर विकला जातो, कारण ज्याला कट दिसतो त्याला खंडनही कटाचाच भाग वाटते. ज्यू नागरिकाची निष्ठा दुसरीकडेच असते, हा साचाही असाच. फ्रान्सच्या सैन्यातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांना १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले.

इस्रायलविषयी आपली शंका रास्त आहे आणि हा शिक्का कधी कधी चुकीच्या ठिकाणी मारला जातो, हेही खरे आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मरण संघटनेची ज्यूद्वेषाची २०१६ ची व्याख्या आणि तिच्यावर आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांचे २०२१ चे जेरुसलेम घोषणापत्र यांच्यात तीव्र मतभेद आहेत, पण इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर करणे हा ज्यूद्वेष नव्हे, आणि इस्रायलच्या कृत्यांसाठी जगभरच्या ज्यूंना जबाबदार धरणे हा ज्यूद्वेष आहे, या दोन मुद्द्यांवर दोन्ही दस्तऐवज सहमत आहेत. गाझावरील हल्ले, वेस्ट बँकमधील वसाहती, एखाद्या मंत्र्याचे विधान यांवर कठोरात कठोर बोलावे. वॉशिंग्टनमधील एखाद्या दबावगटाने कोणत्या उमेदवारासाठी किती खर्च केला, हेही विचारावे. मात्र वाक्यातील 'सरकार'च्या जागी 'ज्यू' आला आणि 'प्रभाव टाकतात' याचे 'सगळे तेच चालवतात' झाले, की टीका संपते.

आता सांगावे कसे? 'तुम्ही ज्यूद्वेष्टे आहात' असे म्हटल्यास चर्चा त्यांच्या चारित्र्यावर जाईल आणि मूळ वाक्य सुटून जाईल. त्याऐवजी 'कोणी, केव्हा, काय केले?' असे शांतपणे विचारावे. २००८ च्या बँक संकटाबद्दल हा प्रश्न विचारला तर परतफेडीची ऐपत न पाहता दिलेली गृहकर्जे, त्यांवर बांधलेले रोखे, त्या रोख्यांना सर्वोच्च दर्जा देणाऱ्या पतमापन संस्था आणि डोळेझाक करणारे नियामक अशी उत्तरे निघतात. 'पडद्यामागचे हात' म्हटले की हे सर्व जण मोकळे सुटतात. मला या साच्याचा सर्वाधिक राग येतो तो इथे. त्यानंतर त्या गृहस्थांना, शक्यतो एकांतात, ही कथा कुठून आली ते सांगावे. अनेकांना ते खरोखर ठाऊक नसते.

हे क्षुल्लक वाटू देऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, अकरा जणांची हत्या करणाऱ्याची समजूत अशी होती की, ज्यू संस्था निर्वासितांच्या रूपाने आक्रमक देशात आणत आहेत.

ते ऐकणार नसतील, तरी आपला आक्षेप एकदा सर्वांसमोर स्पष्ट नोंदवून मूळ विषयाकडे वळावे. तो आक्षेप ऐकणाऱ्या इतरांसाठी असतो. आणि चर्चेत एखादी ज्यू व्यक्ती असेल, तर उत्तरासाठी तिच्याकडे पाहू नये. ते उत्तर आपणच द्यावे.