बालगृहातल्या मुलांसाठी काही जणांनी मिळून पाठपुरावा केला तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा चार-पाच मित्रांचा गट आहे, बालगृहातल्या आणि संगोपन कुटुंबांतल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय, तर देणगी द्यावी की पाठपुरावा करावा. पाठपुरावा करा. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे भरपूर असतात. मी लहानपणापासून मराठवाड्यातल्या एका मुलींच्या बालगृहात वाढले. एकेका रविवारी दोन-दोन केक कापले जायचे, पण माझी फाइल उघडून बघायला बारावीपर्यंत कुणी आलं नाही.

महाराष्ट्रात अनाथांसाठी १ टक्का आरक्षण २०१८ मध्ये आलं, तेही गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदेने सरकारच्या मागे लागून मिळवलं. त्याचा फायदा घ्यायचा तर अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि माझं अडलं एका रकान्यावर. मी स्टेशनवर सापडले तेव्हा चार वर्षांची असेन. पोलिसांनी विचारल्यावर कुणाचं तरी नाव सांगितलं असणार. चौकशी अहवाल सगळा काळ्या शाईत, आणि ‘वडिलांचे नाव’ पुढे निळ्या शाईत एक नाव. आडनाव नाही, गाव नाही. तेवढ्यावरून प्रमाणपत्र देणारं कार्यालय म्हणे, वडील माहीत आहेत, मग ही अनाथ कशी? संस्था म्हणे बाल कल्याण समितीकडे जा, म्हणजे आमच्यासारख्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे. समिती म्हणे संस्थेचा अहवाल आणा. कॉलेज म्हणे आधी प्रमाणपत्र दाखवा. इकडे माझं अठरावं जवळ येत चाललं होतं.

कॉलेजातल्या आमच्या फिजिक्सच्या बाई, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या वकीलताई, बालगृहाच्या परिविक्षा अधिकारी (मुलांची चौकशी आणि देखरेख बघणाऱ्या) आणि आमच्याच संस्थेतून आधी बाहेर पडलेली एक ताई, या चौघींनी मिळून ते सोडवलं. त्याआधी प्रत्येकीने आपापलं पत्र दिलं होतं, एकालाही उत्तर नव्हतं. मग त्या एकाच अर्जावर सह्या करून एकत्र समितीपुढे आल्या. पालकांचा शोध लागला नाही असा पोलिसांचा जुना अहवाल सोबत जोडला होता. तो कुठल्या कपाटात असेल हे त्या ताईला ठाऊक होतं, कारण तिने स्वतःसाठी तसलाच कागद शोधला होता.

समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, “तुला काय सांगायचंय?” मी तोंड उघडायच्या आत आमचे विश्वस्त म्हणाले, “तिला काय कळतंय यातलं, आम्ही आहोत ना.” वकीलताई म्हणाल्या, “साहेब, मुलीचं ऐकून घ्यायचं असं कायद्यातच आहे.” मग मी बोलले. ते नाव कोणाचं हे मला आठवत नाही, आणि त्या नावाचं कुणी मला कधी भेटायला आलेलं नाही, एवढंच. आदेश त्याच दिवशी झाला.

परतताना विश्वस्त गाडीत म्हणाले, “पोरींना अशी बोलायची सवय लागली तर संस्था चालवणं अवघड होईल.” तेव्हा मी गप्प बसले, आता सांगते. आमचं धान्य, फी, दवाखाना त्यांनी वर्षानुवर्षं केलं, ते मी विसरलेले नाही. पण जेवू घातलं म्हणून आमच्या वतीने बोलायचा हक्क संस्थेचा होत नाही. मुलाला आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे हे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या मूळ तत्त्वांतच आहे.

तुमच्या गटाचं म्हणाल तर कायदा जाणणारं एक, शाळा-कॉलेजातलं एक, कामाच्या दिवशी कचेरीत जाऊन बसू शकेल असं एक, आणि संस्थेत वाढलेलं एक तरी माणूस हवंच. हे शेवटचं नसेल तर सुरुवातच करू नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे कागद आधी बघा: आधार, जन्माचा दाखला, रहिवासी, बँक खातं. अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्यांना पुढे आधार देण्याची, सोय २१ पर्यंत असते, खास कारण असेल तर २३ पर्यंत. मूल बाहेर पडण्याआधीच या सोयीच्या मागे लागा. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये असतात. ते अडले की आजी किंवा मामी रोज बुडवून तालुक्याला खेटे घालते. तिथे तुमच्यातला एकजण सोबत गेला तरी खूप.

थोडं सांभाळून मात्र. समितीच्या परवानगीशिवाय बालगृहात शिरू नका. अधीक्षिकेला शत्रू समजू नका, बहुतेक ठिकाणी तिच्या एकटीवर सगळं असतं. मुलांचे फोटो, नावं कुठेही टाकू नका, तो गुन्हा आहे. आणि समितीपुढे जायचं असेल तेव्हा मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. आदल्या दिवशी त्याच्याजवळ बसून काय-काय विचारतील ते समजावून सांगा, आणि विश्वस्तांनाही आधीच कळवा की उद्या मूल स्वतः बोलणार आहे.