गोरिल्ला पाहण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

डोंगरी गोरिल्ला त्यांच्याच जंगलात पाहण्याची इच्छा आपण उभयतांनी अनेक वर्षे जपली आहे. रवांडाच्या सहलीचे ११ लाखांचे दरपत्रक हाती आले असून, अडीअडचणीसाठी ठेवलेली ६ लाखांची मुदत ठेव मोडावी आणि उरलेल्या ५ लाखांचे कर्ज काढावे काय, असे आपण विचारता. जरूर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ठेव मोडून किंवा कर्ज काढून नव्हे.

तीन वर्षांच्या कर्जाला १२ टक्के व्याज धरले, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसेल आणि व्याजापोटी ९८ हजारांच्या आसपास जातील. आपली निवृत्ती दीड वर्षावर आली आहे, म्हणजे निम्मे हप्ते निवृत्तिवेतनातून फेडावे लागतील, आणि त्याच काळात दवाखाना मागे लागला तर हाताशी ठेवही नसेल.

त्याऐवजी युगांडाचा विचार करावा. रवांडात परदेशी पर्यटकाला गोरिल्ला पाहण्याच्या परवान्यासाठी माणशी १,५०० डॉलर पडतात, तर युगांडातील ब्विंडीच्या जंगलात ८००. डॉलर ९० रुपये धरला, तरी दोघांचे १ लाख २६ हजार तेथेच वाचतात. गोरिल्लांचा सहवास मात्र दोन्हीकडे एकच तास मिळतो. ब्विंडीत चढ उभे आणि निसरडे आहेत, झाडोरा दाट आहे, आणि कळप सापडेपर्यंत कित्येक तास चालावे लागू शकते. आपण दोघे दर रविवारी सिंहगड चढता, म्हणूनच मी हे निःशंकपणे सुचवतो. गुडघ्यांची तक्रार असती, तर सल्ला वेगळा असता. सामान उचलायला गावातला हमाल अवश्य घ्यावा, तेथे काटकसर नको. परवान्याचे शुल्कही जिवावर येऊ देऊ नये, कारण जगात हजाराहून थोडेच अधिक उरलेल्या या प्राण्यांच्या राखणीला तो पैसा लागतो आणि त्यातला वाटा भोवतालच्या गावांनाही मिळतो.

दरमहा शिल्लक राहणारे ४० हजार आवर्ती ठेवीत टाकल्यास १४ महिन्यांत ५ लाख ६० हजार जमतील. लवकरच मुदत संपणाऱ्या बचत प्रमाणपत्राचे दीड लाख त्यात मिळवून सहल सात लाखांत बसवावी. जून ते सप्टेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतला परवाना आधी घ्यावा, विमानाची तिकिटे नंतर. माणसाचे आजार गोरिल्लांना जडतात, त्यामुळे सर्दी-खोकला असलेल्याला त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. अशा वेळी परवान्याचे पैसे बुडणार की तारीख बदलून मिळणार, हे सहल कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी, आणि सहलीच्या रकमेवर कंपनी आगाऊ वसूल करते तो कर (टीसीएस) प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना न विसरता वळता करून घ्यावा.