गोव्यात आयएसएलची (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) मॅच बघायला येतोय, पणजीत हॉटेल घेतलंय, फातोर्ड्याला जाऊन रात्री परत येता येईल का?

पहिलं काम, पणजीचं बुकिंग कॅन्सल होत असेल तर करून टाका. फातोर्ड्याचं स्टेडियम मडगावात, पणजीपासून तीसेक किलोमीटर. जायला काही त्रास नाही, बस हव्या तितक्या. भानगड परतीची आहे, आणि या विषयावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे म्हणूनच लिहायला बसलो.

2015 ची फायनल, गोवा विरुद्ध चेन्नईयन, आपल्याच मैदानावर, झिको आपला कोच. मी आणि भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, ते पणजीचे. दुसरा हाफ सुरू झाल्यापासून त्यांचं एकच, "शेवटची बस जाईल रे." मी म्हणतोय थांबा, फायनल आहे, रोज होते का. मग 87 व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल मारला, 2-1, अख्खं स्टेडियम उभं, बाजूचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात, आणि भावजी म्हणतात, "झालं, जिंकलो, आता चल." वयानं मोठे, त्यात ताईचा नवरा, काय बोलणार? उठलो. बाहेर रस्त्यावर पोचलो तर आतून ओरडा आला, आम्हाला वाटलं जल्लोष चाललाय. बस मिळाली, खिडकीची सीट मिळाली, भावजींनी घरी फोन करून गोवा जिंकलं म्हणून सांगूनही टाकलं. वेर्ण्याच्या आसपास मागच्या सीटवरच्या पोरानं मोबाईल बघून सांगितलं, 3-2, चेन्नईयन. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल खाल्ले, त्यातला एक आपल्याच कीपरच्या नावावर. भावजी आजही म्हणतात, आपण दोघांनी तरी गोवा जिंकलेलं बघितलं ना!

त्यांचा दुसरा मुद्दा, मोठं स्टेडियम पणजीतच पाहिजे होतं. का म्हणून? सासष्टीत, म्हणजे या मडगावच्या तालुक्यात, फुटबॉल जगतात लोक. 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपच्या मॅच इथं झाल्या, 2023 च्या नॅशनल गेम्सचं उद्घाटन इथंच. पणजीवाल्यांना बांबोळीचं ॲथलेटिक स्टेडियम आहे, ताळगावचं इनडोअर आहे, कला अकादमी आहे, इफ्फीचा फिल्म फेस्टिव्हल आहे, अजून काय पाहिजे? क्रिकेटचं मात्र मी भांडत नाही, 2010 ला भारत-ऑस्ट्रेलिया वनडे इथं एकही बॉल न पडता पावसात गेली, तेव्हा त्या बाबतीत भावजींना बोलू दे.

तर मडगावात राहा. ट्रेननं येणार असाल तर मडगाव स्टेशनलाच उतरा, विमानानं तर दाबोळी बघा, मोपा पार उत्तरेला पेडण्यात आहे. ओला-उबर इथं चालत नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करा किंवा भाड्याची स्कूटर घ्या. मॅचनंतर गाड्यावर रस ऑम्लेट खा, गर्दी ओसरेपर्यंत वेळ छान जातो.

हां, लहान मुलं किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर पणजीतच राहिलात तरी चालेल, पण येण्या-जाण्याची टॅक्सी आधीच ठरवा आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की फायनल शिट्टी वाजल्याशिवाय आम्ही बाहेर येणार नाही. वेटिंगचे चार पैसे जास्त मागेल, द्या.